हत्तीला ३, रेड्याला १०: जादूच्या जनावरांची अक्कल मोजायची कशी?

धाराशिवच्या डोंगरावर एक हत्ती रोज पूजेला यायचा. सोंडेत पाणी भरून आणायचा, एका वारुळावर शिंपडायचा, वर कमळ वाहायचा आणि निघून जायचा. राजा करकंडूनं हे डोळ्यांनी पाहिलं, वारूळ खणायला लावलं, तर आतून पार्श्वनाथांची मूर्ती निघाली. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यातली ही कथा. त्यातलं तेरापूर म्हणजे आपलं तेर, आणि डोंगरातली लेणी म्हणजे बालाघाटच्या रांगेतली धाराशिव लेणी, अशी ओळख अभ्यासकांनी पटवली आहे. लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अजून मतभेद आहेत. हत्तीबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही.

आता हाच हत्ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलेल्या मित्रांसमोर आणून उभा करा. पहिला प्रश्न येईल तो हाच: याची बुद्धी किती?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात. प्रत्येक पात्राच्या कागदावर सहा आकडे असतात: बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. माणसाला आकडे आहेत म्हटल्यावर त्याच्या घोड्याला, मांजराला, खांद्यावरच्या घुबडालाही आकडे आले. मग नियम लिहिणारे थांबलेच नाहीत. जनावराला किती कळतं, बोललेलं किती समजतं, जादूनं अक्कल वाढवता येते का, या प्रश्नांवर पन्नास वर्षं पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्यातली चमचमीत पानं आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या गोष्टींशेजारी ठेवून वाचू या.

मांजर, हत्ती आणि फुटक्या नशिबाचा माणूस

जुन्या पद्धतीत माणसाची बुद्धी ठरवायला सहातोंडी तीन फासे टाकतात. सगळ्यात कमी ३, सगळ्यात जास्त १८. तीन फाशांची २१६ दानं पडू शकतात आणि त्यातलं फक्त एक १८ देतं, फक्त एकच ३ देतं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हत्तीची बुद्धी आहे ३. मांजराचीही ३. वाघाचीही ३, आणि ऑक्टोपसचीही. म्हणजे २१६ माणसांत सरासरी एकाची बुद्धी मांजराइतकीच निघणार. घोडा, शेळी, घुबड आणि डोमकावळा २ वर. बेडूक बिचारा १ वर. बबून माकडाला ४ दिलेत, म्हणजे ते हत्तीच्याही पुढे!

हत्तीवर हा अन्यायच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीनं आरशात स्वतःला ओळखल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. ही परीक्षा फार थोडे प्राणी पास होतात. त्यात करकंडूचा हत्ती तर रोजचा नेम पाळणारा, देव कुठे पुरला आहे हे माहीत असलेला. खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नियम आणखी कडक होता: साध्या जनावराची बुद्धी १ किंवा २, बस. ३ झाली की ते ‘जनावर’ राहतच नाही, ‘जादुई प्राणी’ या वर्गात जातं. त्या नियमानं आपला हत्ती पहिल्या कमळालाच वर्ग बदलून बसला असता, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

शंभर मोहरा जाळा आणि वाट बघा

जादूगाराच्या सोबतच्या प्राण्याला या खेळात ‘फॅमिलियर’ म्हणतात. १९७८ च्या नियमपुस्तकात तो मिळवणं म्हणजे जुगार होता. धूप आणि वनस्पती यांवर शंभर सोन्याच्या मोहरा खर्च करायच्या, मंत्र म्हणायचा, मग वीसतोंडी फासा टाकायचा. १ ते ४ आलं तर काळं मांजर. पुढे दोन-दोन आकड्यांवर कावळा, ससाणा, घुबड, भेक, वीझल. १५ आलं तर खास पाहुणा, म्हणजे छोटा सैतान किंवा छोटा ड्रॅगन असं काहीतरी. आणि १६ ते २० आलं तर? कुणीच येत नाही. चारात एकदा पैसे धुरात.

प्राणी आला तरी जीव टांगणीला. तो मेला की त्याच्या जीव-गुणांच्या, म्हणजे मार सोसण्याच्या आकड्याच्या, दुप्पट गुण मालकाच्या खात्यातून कायमचे वजा. म्हणून जुने खेळाडू आपलं मांजर लढाईच्या आसपासही फिरकू देत नसत.

आजच्या आवृत्तीत दहा मोहरा आणि एक तास पुरतो, प्राणीही तुम्हीच निवडायचा. मेला तर पुन्हा दहा मोहरा, पुन्हा एक तास. कारण आता तो खरा प्राणीच नाही, मांजराचं रूप घेतलेला आत्मा आहे. शंभर फुटांपर्यंत मनातल्या मनात बोलतो, त्याच्या डोळ्यांनी तुम्हाला बघता येतं, आज्ञा कायम पाळतो; फक्त हल्ला करत नाही. सोय झाली खरी, पण जुन्या नियमातली काळजी गेली. मरणाची भीती असलेल्या मांजरावर जास्त माया बसते.

ही फॅमिलियरची कल्पना इंग्लंडच्या चेटकीण-खटल्यांतून आली आहे. मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या माणसानं १६४५ पासून दोन वर्षं गरीब बायकांवर ‘हिच्याकडे सैतानी मांजर आहे’ असे आरोप ठेवून कित्येकींना फासावर चढवलं. भानामतीच्या नावाखाली बायका-पुरुषांना छळलेलं मराठवाड्यानंही पाहिलं आहे आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे. खेळातली जादू टेबलावर राहावी, हे इथे ठासून सांगितलंच पाहिजे.

मालक वाढला की कावळा वाढतो

तिसऱ्या आवृत्तीनं एक फार सुंदर नियम केला. फॅमिलियरची बुद्धी सुरुवातीला ६. मालक अनुभवाच्या दोन पायऱ्या चढला की प्राण्याची बुद्धी एकानं वाढते. मालक विसाव्या पायरीवर पोचेपर्यंत प्राणी १५ वर. पाचव्या पायरीला तो मालकाशी बोलू लागतो, सातव्या पायरीला आपल्या जातीच्या इतर प्राण्यांशी. १५ म्हणजे सरासरी माणसाच्या कितीतरी वर! विसाव्या पायरीच्या जादूगाराची घूस बाजारातल्या बहुतेक माणसांपेक्षा हुशार.

डोमकावळ्याला तर पहिल्या दिवसापासून माणसाची एक भाषा बोलता येते. शिवाय कावळा पाळला तर मालकाला वस्तूची किंमत ओळखण्यात तीन गुण जास्त. तुळजापूरच्या बाजारात उभं राहून कवड्यांच्या माळेचा भाव करायला यापेक्षा चांगला सोबती कोण?

पाचव्या आवृत्तीनं मात्र कावळ्याला २ वर आणून बसवलं आणि ऐकलेल्या आवाजाची नक्कल तेवढी ठेवली. न्यू कॅलिडोनिया बेटावरचे कावळे काडीला आकडा करून झाडाच्या ढोलीतली अळी बाहेर काढतात, हे शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. आपल्याकडे तर कावळ्याची दोन टोकं. चिऊकाऊच्या गोष्टीत तो शेणाचं घर बांधणारा वेंधळा. पिंडाजवळ आला की तोच गेलेल्या माणसाच्या मनातली राहिलेली इच्छा ओळखणारा. दहाव्याला घाटावर ताटकळलेल्या घरच्यांना कावळ्याची बुद्धी २ आहे असं सांगून बघा!

नंदीबैलाच्या सहा युक्त्या

साध्या, जादू नसलेल्या जनावराला शिकवायचा नियमही आहे. तिसऱ्या आवृत्तीत १ बुद्धीचं जनावर तीन युक्त्या शिकतं, २ बुद्धीचं सहा. ये, थांब, बस, राख, शोध, आण, करून दाखव, अशी यादीच दिलेली आहे.

दारी येणारा नंदीबैल ‘करून दाखव’ या एकाच युक्तीचा पदवीधर. पाऊस पडेल का? मान हलते. पोरगं पास होईल का? मान हलते. मालकाच्या गुबुगुबू वाजणाऱ्या वाद्यातला आणि दोरीतला इशारा बैलाला बरोबर कळतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा असाच टापा आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंगस्ट या अभ्यासकानं १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोडा बेरीज करत नव्हता, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आणि मानेचा बारीकसा ताण वाचत होता. बेरजेपेक्षा हे सोपं काम आहे असं मला मुळीच वाटत नाही.

येडशीचा जटायू आणि एक गैर नियम

येडशीजवळच्या घाटात रामलिंगाचं देऊळ आहे. आजूबाजूला अभयारण्य, दरी आणि माकडंच माकडं. रावणाशी लढून जखमी झालेला जटायू इथेच पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असं इथली माणसं सांगतात. नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदपासून केरळपर्यंत जटायूवर हक्क सांगणारी गावं बरीच आहेत. येडशीनं आपला हक्क सोडू नये.

खेळात महागिधाड नावाचा प्राणी आहे. बुद्धी ६, शहाणपण १२. पुढे लिहिलं आहे: माणसाची भाषा समजते, पण बोलता येत नाही. म्हणजे नियम पाळला तर रामाला सीतेची बातमी मिळायचीच नाही! जटायू पंख फडफडवत राहिला असता आणि रामायण येडशीच्या घाटातच अडकलं असतं.

सुटका मात्र त्याच खेळात आहे. ‘प्राण्यांशी बोलणं’ हा पहिल्या पायरीचा मंत्र दहा मिनिटं टिकतो. जनावर आपल्या बुद्धीच्या मर्यादेत उत्तर देतं, आणि निदान गेल्या दिवसभरात आसपास काय दिसलं एवढं तरी सांगतंच. कोण गेलं, कुठल्या दिशेनं गेलं, एवढंच तर रामाला हवं होतं. पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा नेमकी हीच विद्या सांगतो: झाडावरचा पिंगळा पक्षी काय बोलला ते मला कळतं, तुमच्या घराचं भविष्य ऐका.

पण खेळातली एक नोंद मला खरोखर खटकते. महागिधाडाच्या स्वभावापुढे ‘दुष्ट’ असं लिहिलेलं आहे. मेलेलं खाऊन रान साफ ठेवणाऱ्या पक्ष्याला दुष्ट म्हणायचं कशासाठी? गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकनं भारतातली गिधाडं इतक्या झपाट्यानं मेली की २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांवरच्या वापरावर बंदी आणावी लागली. आपल्या टेबलावर खेळताना हा शब्द खोडून टाका. जटायूचा देश आहे हा.

रेडा झाल्यावर अक्कल कुठे जाते?

तुळजापूरच्या कथेत कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती तप करत होती. कुकुर दैत्यानं तिला छळलं, तिनं देवीचा धावा केला आणि देवी त्वरेनं धावून आली. लढता लढता दैत्यानं रेड्याचं रूप घेतलं आणि देवीनं त्याला मारलं.

रूप बदलण्याचे खेळात दोन मार्ग आहेत, आणि त्यांच्यातला फरक फार मजेदार आहे. ‘पॉलिमॉर्फ’ या चौथ्या पायरीच्या मंत्रानं रूप बदललं तर शरीराबरोबर बुद्धीही त्या जनावराची होते. स्वभाव तोच राहतो, पण डावपेच विसरतात, बोलता येत नाही, मंत्र म्हणता येत नाही. गाय-बैलाची बुद्धी खेळात २ आहे. म्हणजे कुकुरनं हा मार्ग धरला असेल तर त्यानं आपली लढाई स्वतःच्या हातानं संपवली. दुसरा मार्ग ड्रुइड या निसर्गपूजक पात्रांचा: त्यात शरीर रेड्याचं होतं आणि डोकं स्वतःचंच राहतं.

आता यातली नजरेत भरेल अशी गोष्ट. पॉलिमॉर्फच्या नियमात जनावराचा जीव संपला की ते रूप गळून पडतं आणि आतला मूळ जीव बाहेर येतो. तुळजाभवानी महिषासुरमर्दिनी आहे, आणि महिषासुरमर्दिनीच्या कित्येक मूर्तींत काय कोरलेलं असतं? रेड्याची मान कापली गेली आहे आणि त्या मानेतून माणसाच्या रूपातला दैत्य बाहेर येतो आहे. खेळाच्या पुस्तकात नियम छापला जाण्याच्या शेकडो वर्षं आधी आपल्या शिल्पकारांनी तो दगडात कोरून ठेवला होता.

वेद म्हणणाऱ्या रेड्याचं गणित

रेड्याचा विषय निघाला की मराठी माणूस पैठणला पोचतोच. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे आहे.

खेळात याला जवळचा मंत्र म्हणजे ‘अवेकन’, जागं करणं. पाचव्या पायरीचा मंत्र, म्हणायला आठ तास, आणि हजार मोहरांचं अगेट रत्न खर्ची पडतं. बुद्धी ३ किंवा कमी असलेलं जनावर किंवा झाड घ्यायचं; मंत्र संपला की त्याची बुद्धी थेट १० होते आणि त्याला एक भाषा येते. झाडालाही! तिसऱ्या आवृत्तीत बुद्धी फाशांवर ठरायची, तीन सहातोंडी फासे. त्यामुळे जागं केलेलं जनावर जागं करणाऱ्यापेक्षा हुशार निघण्याची पूर्ण शक्यता होती. शिवाय तीस दिवसांनी, मंत्राची मोहिनी उतरली की सोबत राहायचं की नाही हे प्राणी स्वतः ठरवतो, आणि तोवर तुम्ही त्याला कसं वागवलं त्यावर ते अवलंबून असतं, असं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा नियम सांगतो. या सगळ्या पुस्तकांतला माझा सगळ्यात आवडता नियम हाच.

खंडोबाला एका मंत्रात दोन?

अणदूर-नळदुर्गचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला आणि थोडा नळदुर्गला राहतो. त्याच्यासोबत घोडा आणि कुत्रा. खेळात पॅलाडिन नावाच्या व्रतस्थ योद्ध्याला ‘वाहन मिळवणं’ हा मंत्र येतो. २०१४ च्या नियमांत वाहनाची बुद्धी कमी असली तर ती ६ व्हायची, मालकाची एक भाषा त्याला समजायची. त्या वाहनांच्या यादीत युद्धाचा घोडा होता आणि मोठा कुत्राही होता. फक्त एका वेळी एकच. खंडोबाला दोन्ही मिळतात. देवाला नियम थोडे सैल असावेत.

तेरच्या घरात घेतलेली परीक्षा

या खेळाचं सगळ्यात खोल वळण म्हणजे बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे आकडे आहेत. बुद्धी म्हणजे पाठांतर, तर्क, गणित. शहाणपण म्हणजे भान: चाहूल लागणं, समोरच्याचं मन ओळखणं, मनावर ताबा. वर ज्यांना २ आणि ३ देऊन बसवलं, त्या जनावरांचं शहाणपण बघा. मांजर १२, घुबड १२, डोमकावळा १२, ससाणा १४, हत्ती ११. आणि साधा गावकरी माणूस? १०.

हा फरक तेरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तेरचे कुंभार संत गोरोबाकाका यांच्या घरी संत जमले होते. कोपऱ्यातलं थापटणं बघून मुक्ताबाईनं विचारलं, हे कशाला? मडकं पक्कं की कच्चं ते बघायला. मग आम्हालाही बघा, ती म्हणाली. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे शांत राहिले, नामदेव तेवढे चिडले, आणि मडकं कच्चं ठरलं. नामदेवांच्या बुद्धीत काय कमी होतं? साक्षात विठ्ठलाशी बोलणारा माणूस तो. थापटण्यानं मोजला तो दुसरा आकडा. पुढे ते औंढा नागनाथला गुरू विसोबा खेचरांकडे गेले, म्हणजे तो आकडा वाढवताही येतो.

आणखी दोन, जाता जाता

‘आर्स मॅजिका’ या १९८७ च्या खेळात जनावरांना बुद्धी हा आकडाच देत नाहीत. त्यांच्यासाठी ‘धूर्तपणा’ ही वेगळी मोजणी आहे. त्या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी जोनाथन ट्वीट पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचा प्रमुख रचनाकार झाला.

आणि ‘रूनक्वेस्ट’च्या जगात मोरोकांथ नावाचे टापिरासारखे प्राणी आहेत. कोण राखणार आणि कोण राखलं जाणार हे ठरवताना हे प्राणी जिंकले. त्यामुळे तिथे बुद्धी प्राण्यांकडे आहे आणि ते बिनबुद्धीच्या माणसांचे कळप चारतात.

आता तुमची पाळी

तुळजापूरच्या भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला यायची, असं सांगतात. खेळायला बसणं या जिल्ह्याला परकं नाही. परकी आहेत ती फक्त पुस्तकातली जनावरं, आणि ती बदलता येतात. माझी पहिली सूचना उस्मानाबादी शेळीची. काळीभोर, काटक, आणि जुळी देण्यात नामांकित. पुस्तकात शेळीची बुद्धी २, शहाणपण १०, आणि फॅमिलियरच्या यादीत तिचं नावच नाही. ते घाला. नियम असा करा की मंत्र म्हटल्यावर दोन येतात. जटायूला बोलू द्या. लेण्यावरच्या हत्तीला बुद्धी ८ आणि शहाणपण १६ द्या. खेळायला बसलेल्या पोरांना तेर, येडशी आणि नळदुर्ग नकाशावर दाखवा.

यासाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. या लेखात आलेले फॅमिलियर, अवेकन, पॉलिमॉर्फ आणि महागिधाड हे सगळं त्यात आहे. मूळ कर्त्यांचा उल्लेख केला की ते मराठीत आणता येतात, बदलता येतात, छापून विकताही येतात.